सेंट्रिफ्यूज भरेपर्यंत

मास्तरांना बायकोचं कौतुक होतं, हे खोटं नाही. फक्त ते कौतुक दुसऱ्या कुणी करू नये, एवढीच त्यांची अट होती.

इस्पितळाच्या लॅबमध्ये मास्तर तेवीस वर्षं काम करत होते. शाळेत त्यांनी एक तासही शिकवलेलं नव्हतं, पण लॅबमध्ये येणाऱ्या प्रत्येक नवख्याला पिपेट धरायला त्यांनीच शिकवलं, म्हणून ते मास्तर. बायकोही त्या नवख्यांतलीच. नोकरीला लागली तेव्हा तिचा हात असा थरथरायचा की मोजून घेतलेला थेंब ट्यूबऐवजी टेबलावर पडायचा. मास्तरांनी ती थरथर घालवली आणि वर्षभरात लग्नही करून टाकलं. तेव्हापासून ती त्यांना घरी 'अहो' म्हणायची, लॅबमध्ये 'सर' म्हणायची, आणि मास्तरांना दोन्ही सारखंच गोड लागायचं.

तर यंदा किडनीच्या डॉक्टर मॅडमनी एक नवी तपासणी आणली. रक्तात एक प्रथिन असतं. त्याचं नाव ओळभर लांब, म्हणून लॅबमध्ये सगळे त्याला 'नवं प्रथिन' म्हणत. हृदयाच्या ऑपरेशनमध्ये किडनीला इजा झाली तर हे प्रथिन दोन-चार तासांतच रक्तात चढायला लागतं. नेहमीच्या तपासणीतलं क्रिएटिनिन मात्र दोन-दोन दिवस जागचं हलत नाही, आणि हलतं तेव्हा किडनीचं व्हायचं ते नुकसान होऊन गेलेलं असतं. साठ पेशंटांवर नवी तपासणी करून बघायची, उपयोगी ठरली तर कायमची सुरू करायची, असं ठरलं. एक छोटं यंत्र आलं, जुन्या रजिस्टरांची खोली रिकामी झाली, तिथे एसी बसला. राहिला प्रश्न माणसाचा.

माणूस कोण, याबद्दल मास्तरांना तिळमात्र शंका नव्हती. "छे हो, मला कुठला वेळ," असं आपण एकदा म्हणायचं, मॅडमनी आग्रह करायचा, मग "तुम्ही एवढं म्हणताय तर" म्हणून मान हलवायची, हे सगळं त्यांनी आंघोळ करताना पाठ करून ठेवलं होतं. मॅडम आल्या त्या थेट त्यांच्याच टेबलापाशी.

"मास्तर, ताईंना द्याल का मला? इतका स्थिर हात मी दुसऱ्या कुणाचा पाहिला नाही."

"न्या की," मास्तर म्हणाले. तो हात स्थिर कुणी केला, हे त्यांच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण तोवर मॅडम गेल्यासुद्धा.

त्या दिवसापासून मास्तरांच्या पोटात जे दुखायला लागलं ते थांबेना. बायको एसीच्या खोलीत, आपण पंख्याखाली. बायकोच्या दारावर तिच्या नावाची पाटी, आपल्या टेबलावर रांगेचं रजिस्टर. पहिल्या महिन्याच्या बैठकीत तिने सगळ्या डॉक्टरांसमोर उभं राहून आलेख समजावून सांगितला, न अडखळता, आणि मॅडम टेबलावर हात आपटून म्हणाल्या, "याच्यापुढे क्रिएटिनिन म्हणजे शिळी बातमी!" सगळे हसले. क्रिएटिनिनच्या यंत्रावर तेवीस वर्षं काढलेला माणूस मागच्या खुर्चीत बसला होता, हे कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. बायकोच्याही नव्हतं, आणि ते मास्तरांना सगळ्यांत जास्त लागलं.

त्यात भर घातली दादाने. दादा म्हणजे मास्तरांचा थोरला भाऊ, सगळी हयात ट्रक चालवण्यात गेलेली, आवाज अजून हॉर्नसारखा. घरात कुणाला शिंक आली तरी दादाचा फोन आजवर मास्तरांना यायचा. आता त्याच्या हृदयाची झडप बदलायची ठरली होती, आणि फोन आला तेव्हा तो म्हणाला, "अरे, धाकटीला दे जरा. रिपोर्ट तिलाच विचारतो. ती आता मोठी माणूस झालीय म्हणे." मास्तरांनी फोन बायकोच्या हातात दिला आणि बराच वेळ तोंड धूत बसले.

आता सेंट्रिफ्यूजबद्दल सांगायला हवं. रक्ताच्या ट्यूबा गरागरा फिरवून पेशी तळाशी बसवायच्या आणि वरचा पिवळसर प्लाझ्मा मोकळा करायचा, हे त्या यंत्राचं काम. त्यात चोवीस ट्यूबा मावतात. चोवीसच्या चोवीस भरल्याशिवाय झाकण लावायचं नाही, असा मास्तरांचा जुना नियम होता. दोन-चार ट्यूबांसाठी यंत्र फिरवणाऱ्यांना ते भर लॅबमध्ये बोलायचे. क्रिएटिनिनचं रक्त तास-दोन तास थांबलं तरी आकड्यात फरक पडत नाही, म्हणून या नियमाने कधी कुणाचं काही बिघडलं नव्हतं.

नव्या प्रथिनाचं तसं नव्हतं. तपासणीच्या औषधाच्या खोक्यातून येणारी बारीक अक्षरांची घडी लॅबमध्ये कुणी उलगडत नाही. मास्तर उलगडायचे. चष्मा कपाळावर चढवून त्यांनी ती शेवटपर्यंत वाचली होती. अर्ध्या तासाच्या आत प्लाझ्मा वेगळा करावा, रक्त तसंच राहिलं तर त्यातल्या पांढऱ्या पेशी तेच प्रथिन बाहेर सोडतात आणि किडनी ठणठणीत असली तरी आकडा फुगतो, असं त्यात स्पष्ट लिहिलं होतं. बायकोनेही ते वाचलं होतं. म्हणून तर तिच्या प्रत्येक जांभळ्या टोपणाच्या ट्यूबवर लाल चिठ्ठी असायची: आल्याबरोबर फिरवणे.

पहिला महिनाभर मास्तरांनी आल्याबरोबर फिरवल्या. बैठक झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी वॉर्डातल्या मावशी ट्रे घेऊन आल्या, तेव्हा सेंट्रिफ्यूजमध्ये सोळा ट्यूबा होत्या. लाल चिठ्ठीची सतरावी. मास्तरांनी ती हातात घेतली, चिठ्ठी वाचली, आणि मनात म्हणाले, शिळ्या बातमीलाही रांग असते, ताज्या बातमीलाही असू दे. ट्यूब सतराव्या भोकात ठेवली आणि चहा प्यायला गेले.

चोवीस भरायला पावणेदोन तास लागले. रजिस्टरात 'फिरवल्याची वेळ' असा एक रकाना असतो. तिथे त्यांनी आल्याच्या वेळेत दहा मिनिटं मिळवून आकडा टाकला. अक्षर नेहमीसारखंच सुबक आलं.

दीडशेच्या आत असला तर आकडा ठीक, असं त्या तपासणीचं होतं. आला दोनशे साठ. बायकोने अतिदक्षता विभागात फोन केला, मॅडम धावल्या, औषधं बदलली, पेशंटला तीन दिवस जास्त ठेवलं. किडनीला काहीही झालेलं नव्हतं. तिन्ही दिवसांचं क्रिएटिनिन मास्तरांच्या यंत्रावर सरळ रेषेत आलं. तो कागद सर्जनसाहेबांच्या हातात देताना मास्तरांना इतकं बरं वाटलं की त्यांची त्यांनाच थोडी लाज वाटली. पण थोडीच.

मग ते रोज होऊ लागलं असं नाही. एखाद्या दिवशी सेंट्रिफ्यूज भरलेलंच असायचं, ट्यूब लगेच फिरायची, आकडा खरा यायचा. एखाद्या दिवशी मास्तरांचं मन जागेवर असायचं. पण बायकोची स्तुती कानावर पडली, खोलीतून तिचं आणि मॅडमचं हसणं ऐकू आलं, की लाल चिठ्ठीला रांग लागायची. मास्तर स्वतःला सांगायचे, नियम म्हणजे नियम, बायको आहे म्हणून मोडायचा का?

"सर, ट्यूबा लगेच फिरवताय ना?" तिने एकदा विचारलंच.

"मग काय, मांडीवर घेऊन बसतो?" मास्तर म्हणाले.

तिने मान डोलावली. ज्या माणसाने आपल्याला हात धुण्यापासून शिकवलं, तो असं काही करेल, हे तिच्या डोक्यात येणं शक्यच नव्हतं. दोष तिने स्वतःत शोधला. जेवणाच्या सुट्टीत डबा बाजूला ठेवून पिपेटा तपासल्या, औषधाचा लॉट बदलला, यंत्र तीनदा नव्याने जुळवून घेतलं. काचेपलीकडे तिची वाकलेली पाठ दिसायची. मास्तरांना तिची दया यायची आणि आत कुठेतरी गुदगुल्याही व्हायच्या, आणि यातलं एक दुसऱ्याला अजिबात अडवत नव्हतं.

चार महिन्यांत बेचाळीस पेशंट झाले आणि त्यांत अकरा इशारे फुकट गेले, असं सगळे धरून चालले. सर्जनसाहेबांनी तर तिचे फोन घेणंच कमी केलं. "ताई, तुमचं यंत्र बसल्या जागी बोंबलतं हो," ते म्हणायचे. मॅडमही गप्प गप्प झाल्या, आणि एका सोमवारी त्यांनी सांगितलं की या शुक्रवारपर्यंत बघू, नाहीतर यंत्र परत पाठवू.

त्या संध्याकाळी भांडी विसळताना बायको म्हणाली, "अहो, माझ्या हाताला गुणच नाही बहुतेक. उगाच पुढे पुढे केलं मी."

सांगायला याहून बरी वेळ नव्हती. मास्तरांनी तोंड उघडलं.

"होतं असं," ते म्हणाले. "मोठमोठ्यांचं होतं." आणि टॉवेल घेऊन भांडी पुसायला लागले. ती किती चांगला नवरा मिळालाय अशा नजरेने त्यांच्याकडे बघत होती.

बुधवारी दादाचं ऑपरेशन झालं. झडप बसली, सगळं नीट झालं, वहिनी बाहेरच्या बाकावर पहिल्यांदा टेकून बसली. दुपारी तीनला मावशींनी ट्रे आणला. लाल चिठ्ठीखाली दादाचं नाव दिसलं आणि मास्तरांनी विचारही केला नाही. सेंट्रिफ्यूजमध्ये एकही ट्यूब नव्हती. समोरच्या भोकात वजन सारखं करायला पाण्याची ट्यूब ठेवली, झाकण लावलं, बटण दाबलं. मावशी बघतच राहिल्या. एका ट्यूबसाठी मास्तरांनी सेंट्रिफ्यूज फिरवलेलं त्यांनी आयुष्यात पाहिलं नव्हतं.

तासाभराने बायको खोलीतून बाहेर आली. हातात कागद होता.

"चारशे बारा," ती म्हणाली. "तुमच्याकडे क्रिएटिनिन किती?"

"शून्य पॉइंट नऊ." एकदम ठीक. तेवीस वर्षांत या आकड्याने मास्तरांना पहिल्यांदाच घाबरवलं.

तिने फोन लावला. पलीकडून सर्जनसाहेबांचा आवाज मास्तरांना इथपर्यंत ऐकू येत होता. क्रिएटिनिन विचारलं, ऐकलं, म्हणाले, मग काळजी कसली, औषधं आहेत तशीच चालू ठेवू. त्या औषधांत एक किडनीला जड जाणारं अँटिबायोटिक होतं आणि एक दुखण्यावरचं इंजेक्शन होतं. पुढचा डोस पाच वाजता होता. बायकोने फोन ठेवला आणि खुर्चीच्या पाठीला धरून उभी राहिली.

"आणखी एक खोटाच असणार ना हो?" ती म्हणाली. लॅबमध्ये ती 'अहो' म्हणत नसे. "दादांना काही नसेल. माझंच काहीतरी चुकलं असेल. असेल ना?"

हा आकडा खरा आहे, हे जगात फक्त एका माणसाला ठाऊक होतं. मास्तर म्हणाले, "चल वर."

अतिदक्षता विभागाच्या दारात सर्जनसाहेब आणि मॅडम दोघेही भेटले. घड्याळात सव्वाचार झाले होते. सुटायची एक वाट मास्तरांनी येताना जिन्यात शोधून ठेवली होती.

"साहेब, पुन्हा एकदा सॅम्पल घेऊ. खात्री होईल."

"कसली खात्री, मास्तर? पुन्हा चारशे येईल. तुमच्या ताईंच्या यंत्राला सवयच आहे ती."

"मग डोस तरी थांबवा. घरचा माणूस आहे."

"घरचा आहे म्हणूनच घाबरलात," सर्जनसाहेब समजुतीने म्हणाले. "नव्या झडपेला जंतू लागले तर तुम्हीच माझा गळा धराल. तुमचं स्वतःचं क्रिएटिनिन काय म्हणतंय ते बघा ना!"

मॅडम मान खाली घालून उभ्या होत्या. बायकोही. ती तर मास्तरांची बाही ओढून म्हणाली, "राहू द्या, सर. साहेबांचं बरोबर आहे."

"बरोबर नाहीये!" मास्तर ओरडलेच. दारातली नर्स वळून बघायला लागली. "यंत्र खोटं बोलत नव्हतं, साहेब. मी ट्यूबा ठेवून देत होतो. रांगेत. सेंट्रिफ्यूज भरेपर्यंत. आणि रजिस्टरात खोट्या वेळा लिहीत होतो. त्या अकराच्या अकरा माझ्यामुळे. आजची मी लगेच फिरवली, माझ्या भावाची होती म्हणून. आजचा आकडा खरा आहे."

मॅडमनी विचारलं, "किती वेळ ठेवत होतात?"

"दीड तास. कधी दोन."

"काय होतं त्याने, ते माहीत नव्हतं?"

"माहीत होतं."

"मग का?"

मास्तरांनी बायकोकडे बघितलं नाही. "हिचं सगळे कौतुक करत होते म्हणून," ते म्हणाले. एवढंच कारण होतं. मोठ्याने म्हटल्यावर ते इतकं एवढंसं दिसलं की त्यांना त्यात आणखी काहीतरी घालावंसं वाटलं, पण घालायला काही नव्हतं.

सर्जनसाहेब आत गेले. डोस थांबवा, अँटिबायोटिक बदला, सलाइन वाढवा, लघवी दर तासाला मोजा, असं एकामागून एक ऐकू आलं. मॅडमनी बायकोचे दोन्ही हात धरले. "ताई, तुमची तपासणी पहिल्या दिवसापासून बरोबर होती," त्या म्हणाल्या. आणि काय सांगावं, भाऊ आत पडलेला, अब्रू दारात सांडलेली, तरी त्या क्षणीही मास्तरांच्या छातीत ती जुनी कळ आली. त्यांना स्वतःचीच शिसारी आली.

बायको रडली नाही आणि भांडलीही नाही. ती वहिनीजवळ जाऊन बसली.

दुसऱ्या दिवशी दादाची लघवी कमी झाली. शुक्रवारी सकाळी क्रिएटिनिन दीडवर गेलं आणि तिथेच अडलं. एवढ्यावर निभावलं, असं मॅडम म्हणाल्या, डोस चालू राहिले असते तर सांगता आलं नसतं. दादा उशीवरून वहिनीला सांगत होता, "धाकटीने वाचवलं बघ मला. आमचा मास्तर काय, नुसता बघत बसला असता." वहिनी हसली. मास्तरांनी त्याच्या पायांवरची चादर सारखी केली.

लॅबच्या प्रमुखांनी लेखी खुलासा मागितला होता. सेंट्रिफ्यूजची किल्ली काढून घेतली होती. तेवढं मास्तरांनी धरलंच होतं. शुक्रवारी दुपारी बायकोने त्यांना एसीच्या खोलीत बोलावलं. दोन दिवसांत ती त्यांच्याशी बोललेलं ते पहिलं वाक्य.

"त्या अकरा ट्यूबा कोणकोणत्या, ते दाखवा."

मास्तरांना सगळ्या पाठ होत्या. त्यांनी रजिस्टरात एकेक बोट ठेवलं, तिने एकेक नंबर उतरवून घेतला. मग म्हणाली, "आता या सगळ्यांचं तिसऱ्या दिवसाचं क्रिएटिनिन काढा तुमच्या यंत्रातून."

"कशाला? खोटेच इशारे होते ते."

"काढा."

मास्तरांनी काढलं आणि वाचून दाखवू लागले. शून्य पॉइंट आठ. शून्य पॉइंट नऊ. एक. पुन्हा शून्य पॉइंट नऊ. ती प्रत्येकापुढे बरोबरची खूण करत होती. आठव्यापर्यंत सगळं सरळ होतं. नवव्याला मास्तर थांबले.

"वाचा ना."

"पहिल्या दिवशी शून्य पॉइंट आठ," ते म्हणाले. "तिसऱ्या दिवशी दोन पॉइंट सहा. पाचव्या दिवशी चार पॉइंट नऊ."

तिचं पेन कागदावर तसंच राहिलं. "हिच्यासाठी मी फोन केला होता," ती सावकाश म्हणाली. "साहेब हसले होते. आधीचे आठ खोटे निघाले होते ना. मलाही वाटलं, हाही तसलाच. पुढचे आकडे मी काढलेच नाहीत. ही ट्यूब किती वेळ ठेवली होतीत?"

"पावणेदोन तास."

"म्हणजे तो आकडा त्या बाईच्या किडनीचा होता की तुमच्या पावणेदोन तासांचा, हे आता कुणालाच कळणार नाही."

"नाही," मास्तर म्हणाले.

"पुढे काय झालं तिचं?"

याचं उत्तर शोधायला मास्तरांना यंत्र लागलं नाही. ते नाव आठवड्यातून तीनदा त्यांच्या टेबलावरून जात होतं. आज सकाळीही गेलं होतं, आणि त्यांनी नेहमीसारखी सही केली होती. "डायलिसिसवर आहे," ते म्हणाले. "आज तिचा दिवस आहे. खाली असेल आत्ता."

बायको उठली. रजिस्टर मिटून तिने ते मास्तरांच्या हातात दिलं.

"जा," ती म्हणाली.

"तू येतेस?"

"नाही."

डायलिसिसचा वॉर्ड तळमजल्यावर होता. खिडकीजवळच्या खाटेवर पन्नाशीची एक बाई हातातली सुई न हलवता वर्तमानपत्राची घडी एका हाताने उलटायचा प्रयत्न करत होती. पांढरा कोट बघून ती थांबली. मोकळ्या हाताने तिने शेजारच्या खुर्चीवरची आपली पिशवी उचलून पायाशी ठेवली.

"बसा ना, डॉक्टर," ती म्हणाली. "रिपोर्ट सुधारला का?"

"मी डॉक्टर नाही," मास्तर म्हणाले. खुर्ची मोकळी होती, पण ते बसले नाहीत. रजिस्टर उघडून त्यांनी तिच्या नावावर बोट ठेवलं आणि उभ्याउभ्याच सांगायला लागले.